मधुमेहाचा वारसा आणि शरीराचे राखणदार

व्यापारी घराला वारसा म्हणजे काय हे वेगळे समजावून सांगावे लागत नाही. पेढी, पत, गिऱ्हाईक, जुनी येणी आणि जुनी देणी हे सारे एका पिढीकडून दुसऱ्या पिढीकडे येते. त्याच यादीत अलीकडे मधुमेहही सहजपणे घातला जातो. आजोबांना साखर होती, वडिलांना आहे, तेव्हा मुलालाही ती होणारच, असे गृहीत धरून अनेक घरांत चाळिशीची जणू वाटच पाहिली जाते. याउलट, ज्या घरात तीन पिढ्यांत कोणालाही मधुमेह नाही अशा घरातील आठ-दहा वर्षांच्या मुलाला अचानक इन्सुलिन सुरू करावे लागले की सारे नातलग चक्रावून जातात. मग दोष कोणाचा याचा शोध सुरू होतो आणि तो बहुधा आईच्या माहेरापाशी येऊन थांबतो.

या दोन्ही समजुती अपुऱ्या आहेत. गेल्या पन्नास वर्षांत जनुकशास्त्राने मधुमेहाच्या वारशाचे जे चित्र उभे केले आहे, ते यांहून बरेच वेगळे आणि बरेच आशादायक आहे. आईवडिलांकडून मुलाकडे येते ती मधुमेहाची प्रवणता. ही प्रवणता अनेक जनुकांत विखुरलेली असते, आणि बालवयात आढळणाऱ्या मधुमेहात त्यांतील बहुतेक जनुके शरीराच्या प्रतिकारसंस्थेची असतात. हे नीट समजले, तर उपचार, उपवास आणि सोयरीक या तिन्ही बाबतींत घराघरांतून होणाऱ्या कित्येक चुका टळू शकतात.

एक नाव, दोन आजार

मधुमेह या एकाच नावाखाली मुख्यतः दोन निराळे आजार येतात. पहिल्या प्रकारात शरीराचीच प्रतिकारसंस्था स्वादुपिंडातील इन्सुलिन तयार करणाऱ्या बीटा पेशींवर हल्ला करते. काही महिन्यांत वा वर्षांत या पेशी इतक्या कमी होतात की बाहेरून इन्सुलिन घेतल्याशिवाय जगता येत नाही. हा प्रकार बहुधा बालपणी किंवा तारुण्यात दिसतो. मात्र तो कोणत्याही वयात होऊ शकतो. दुसऱ्या प्रकारात इन्सुलिन असते, परंतु शरीर त्याला पुरेसा प्रतिसाद देत नाही आणि बीटा पेशी हळूहळू थकत जातात. आपल्याकडील बहुसंख्य रुग्ण या दुसऱ्या प्रकारचे आहेत. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या साहाय्याने झालेल्या आणि २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी पाहणीनुसार भारतात सुमारे १० कोटी १० लाख लोकांना मधुमेह आहे आणि आणखी सुमारे १३ कोटी ६० लाख लोक त्याच्या उंबरठ्यावर आहेत.

दोन्ही आजारांत रक्तातील साखर वाढते, म्हणून नाव एकच पडले. पण त्यांचा वारसा वेगळा आहे. दुसऱ्या प्रकारात एका पालकाला मधुमेह असल्यास मुलाला आयुष्यात कधीतरी तो होण्याची शक्यता साधारण ४० टक्के, तर दोघांनाही असल्यास सुमारे ७० टक्के मानली जाते. पहिल्या प्रकारात हे आकडे एकदम खाली येतात. युरोपीय पाहण्यांनुसार आईला हा आजार असेल तर मुलाला तो होण्याची शक्यता सुमारे ३ टक्के, वडिलांना असेल तर सुमारे ६ टक्के आणि भावंडाला असेल तर ५ ते ६ टक्के असते. शिवाय पहिल्या प्रकारच्या दहापैकी साधारण नऊ रुग्णांच्या जवळच्या नात्यात तो आजार कोणालाही नसतो. म्हणजे आईच्या माहेरी दोष शोधणाऱ्यांना तेथे बहुधा काहीच सापडणार नाही. जनुके आई आणि वडील या दोघांकडून निम्मी-निम्मी येतात. आणि हा आजार असलेल्या आईपेक्षा तो असलेल्या पित्याच्या अपत्याला धोका अधिक असतो, हेही ध्यानात ठेवण्याजोगे आहे.

राखणदार आणि त्यांचे निरोप

प्रतिकारसंस्था म्हणजे शरीराचे राखणदार. विषाणू, जिवाणू आणि बिघडलेल्या पेशी ओळखून त्यांचा बंदोबस्त करणे हे त्यांचे काम. परंतु परका कोण आणि घरचा कोण हे ओळखण्यासाठी या राखणदारांना एकमेकांशी सतत निरोपांची देवाणघेवाण करावी लागते. कोणी नमुना आणून दाखवतो, कोणी हल्ल्याचा हुकूम देतो, कोणी तो हुकूम आवरून धरतो. हे निरोप ज्या प्रथिनांमार्फत जातात, त्यांची कृती जनुकांत लिहिलेली असते. त्या कृतीत माणसामाणसांत लहानलहान फरक असतात. अशा फरकांच्या एका विशिष्ट जुळणीतून पहिल्या प्रकारच्या मधुमेहाची प्रवणता तयार होते.

यांतील सर्वांत महत्त्वाचा जनुकसमूह सहाव्या गुणसूत्रावर आहे. त्याला एचएलए म्हणतात. पेशीच्या आत सापडलेल्या प्रथिनांचे तुकडे पृष्ठभागावर आणून टी पेशींना दाखवणे हे या जनुकांपासून बनणाऱ्या प्रथिनांचे काम आहे. व्यापारी जसा मालाचा नमुना तळहातावर घेऊन पारखतो, तशी टी पेशी हा तुकडा पारखते आणि तो घरचा की परका हे ठरवते. एचएलएच्या काही प्रकारांमध्ये हा तुकडा धरून ठेवण्याची खोबण अशी असते की इन्सुलिनसारखा घरचाच तुकडा टी पेशींना परका भासू शकतो. १९७० च्या दशकात या जनुकांचा मधुमेहाशी असलेला संबंध प्रथम ध्यानात आला. १९७४ साली लंडनमध्ये जियान फ्रांको बोताझो, देबोरा डोनियाच आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मधुमेही रुग्णांच्या रक्तात स्वतःच्याच स्वादुपिंडाविरुद्धची प्रतिपिंडे दाखवून दिली. हा आजार राखणदारांच्या गैरसमजातून होतो, ही कल्पना तेव्हापासून दृढ झाली. पहिल्या प्रकारच्या मधुमेहाच्या आनुवंशिक प्रवणतेचा जवळजवळ निम्मा वाटा आजही एचएलए समूहाकडेच जातो. त्यातील काही प्रकार मात्र या आजारापासून संरक्षणही देतात.

उरलेला वाटा साठाहून अधिक जागी विखुरलेला आहे. सीटीएलए-४ नावाचे जनुक टी पेशींना लगाम घालणारे प्रथिन तयार करते. तो लगाम किंचित सैल असला की हल्ला लवकर सुरू होतो. पीटीपीएन-२२ हे जनुक टी पेशीच्या आत जाणाऱ्या संदेशाचा जोर ठरवते. त्याच्या एका बदलाचा मधुमेहाशी असलेला संबंध २००४ साली उघड झाला आणि तोच बदल आमवातासारख्या संधिवाताशीही जोडलेला आढळला. इंटरल्यूकिन-२ या निरोपाचा स्वीकार करणारे प्रथिन बनवणारे आयएल-२-आरए हे जनुक नियामक टी पेशींसाठी महत्त्वाचे असते. नियामक टी पेशी म्हणजे राखणदारांवर नजर ठेवणारे वडीलधारे. त्यांच्याविषयीच्या मूलभूत शोधांसाठी मेरी ब्रुंको, फ्रेड रॅम्सडेल आणि शिमोन साकागुची यांना २०२५ चे नोबेल पारितोषिक मिळाले. या नियामक पेशी घडवणारे फॉक्सपी-३ हे जनुक पूर्णपणे बिघडले तर जन्मानंतरच्या काही आठवड्यांतच बालकाला मधुमेह होऊ शकतो. परंतु असा आजार अत्यंत दुर्मीळ असतो.

लगाम सैल झाल्यास काय घडते याचा पुरावा कर्करोगाच्या उपचारांतूनही मिळाला. टी पेशींचे लगाम मुद्दाम सोडवून त्यांना कर्करोगावर सोडणारी औषधे आज वापरात आहेत. या संशोधनासाठी जेम्स ॲलिसन आणि तासुकू होंजो यांना २०१८ चे नोबेल पारितोषिक मिळाले. ही औषधे घेणाऱ्या काही थोड्या रुग्णांना उतारवयातही अकस्मात इन्सुलिनवर अवलंबून असलेला मधुमेह होतो.

एकच गुण, तोच दोष

असा प्रश्न पडणे स्वाभाविक आहे की अशी जनुके मानवजातीत टिकलीच कशी? याचे उत्तर रोगांच्या इतिहासात आहे. आयएफआयएच-१ या जनुकाचे प्रथिन पेशीत शिरलेला विषाणू ओळखून धोक्याची सूचना देते. २००९ साली केंब्रिज येथील जॉन टॉड यांच्या गटाने दाखवून दिले की या जनुकाचे काम मंदावणारे काही दुर्मीळ बदल ज्यांच्यात असतात, त्यांना पहिल्या प्रकारचा मधुमेह होण्याची शक्यता कमी असते. म्हणजे जो राखणदार विषाणूविरुद्ध अधिक तत्पर, तोच कधी घरच्यांवरही हात उगारतो.

टीवायके-२ या जनुकाची गोष्ट भारतीयांना अधिक जवळची वाटेल. त्याच्या एका बदलामुळे पेशीतील संदेशवहन मंद होते आणि त्यामुळे अनेक स्वयंप्रतिकारी आजारांपासून संरक्षण मिळते. पण तोच बदल आई आणि वडील या दोघांकडून आला, तर क्षयरोगाचा धोका वाढतो, असे २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनातून दिसले. एका पारड्यात मधुमेह, दुसऱ्यात क्षय. साथीच्या रोगांनी गावेच्या गावे ओस पडत होती, त्या काळात जागरूक प्रतिकारसंस्था हीच खरी पुंजी होती. आज ज्याला आपण रक्तातला दोष म्हणतो, त्याच्याच आधारावर कदाचित पूर्वज जगले. म्हणून कोणत्याही घराण्याचे रक्त चांगले किंवा वाईट ठरवण्यास जनुकशास्त्रात आधार नाही.

उपादान आणि निमित्त

जनुकांतच सर्व काही लिहिलेले असते तर एकसारख्या जुळ्या भावंडांपैकी एकाला झालेला मधुमेह दुसऱ्यालाही नेमका झालाच असता, कारण त्यांची जनुके तंतोतंत सारखी असतात. प्रत्यक्षात पहिल्या प्रकारात असे घडण्याचे प्रमाण निरनिराळ्या अभ्यासांत सुमारे ३० ते ६५ टक्के आढळले. आणि दुसऱ्या भावंडाला तो कित्येकदा अनेक वर्षांनी झाला. फिनलंड आणि त्याला लागून असलेला रशियाचा कारेलिया प्रांत यांची तुलना याहून बोलकी आहे. जगात पहिल्या प्रकारच्या मधुमेहाचे प्रमाण फिनलंडमध्ये सर्वाधिक आहे. सीमेपलीकडील कारेलियात प्रवणता वाढवणारी एचएलए जनुके जवळजवळ तितकीच आढळतात. परंतु तेथील मुलांमध्ये आजाराचे प्रमाण सुमारे सहा पटींनी कमी आढळले. जनुके सारखी, परिस्थिती निराळी, आणि फळ निराळे. आतड्याला होणारे काही विषाणूंचे संसर्ग हे त्या परिस्थितीतील एक प्रमुख संशयित कारण आहे.

उपादान आणि निमित्त हा भेद जैन घरांत प्रवचनांतून परिचित असतो. घडा मातीतून घडतो, ती त्याचे उपादान. कुंभार, चाक आणि काठी ही निमित्ते. दृष्टांत म्हणून तो येथे उपयोगी पडतो. जनुकांतील प्रवणता ही माती झाली. संसर्ग, आहार, वजन, बैठे जीवन, गर्भावस्थेतील पोषण ही निमित्ते झाली. माती बदलणे आज माणसाच्या हाती नाही. निमित्ते मात्र पुष्कळ अंशी हाती आहेत, निदान दुसऱ्या प्रकारच्या मधुमेहाच्या बाबतीत. पहिल्या प्रकारात नेमके निमित्त अजून पुरते हाती लागलेले नाही; त्यामुळे मुलाला गोड जास्त दिले म्हणून हा आजार झाला, असे म्हणणे त्या मातापित्यांवर अन्याय करणारे आहे. गोड खाण्याने पहिल्या प्रकारचा मधुमेह होत नाही.

पुण्याने दिलेले उत्तर

प्रवणतेची बहुतेक जनुके युरोपीय लोकांत शोधली गेली. ती भारतीयांना लागू पडतात का, हा प्रश्न महत्त्वाचा होता. उदाहरणार्थ, पीटीपीएन-२२ मधील तो गाजलेला बदल दक्षिण आशियात फारच कमी आढळतो. पुण्याचे केईएम रुग्णालय, हैदराबादची सीसीएमबी ही संशोधनसंस्था आणि इंग्लंडमधील एक्झेटर विद्यापीठ यांतील संशोधकांनी पुण्यातील रुग्णांवर केलेला अभ्यास २०२० साली प्रसिद्ध झाला. अनेक जनुकांच्या प्रवणतेची बेरीज करून काढलेला गुणांक भारतीयांतही पहिला आणि दुसरा प्रकार वेगळे ओळखण्यास उपयोगी पडतो, असे त्यात आढळले. भारतात या भेदाला विशेष महत्त्व आहे. आपल्याकडे दुसऱ्या प्रकारचा मधुमेह तरुण आणि सडपातळ माणसांनाही होतो, त्यामुळे नुसत्या शरीरयष्टीवरून प्रकार ओळखणे अवघड जाते. प्रकार चुकला तर ज्याला इन्सुलिनची नितांत गरज आहे त्याला गोळ्यांवर ठेवले जाते, किंवा गरज नसलेल्याला जन्मभर सुया टोचल्या जातात.

भारतीयांच्या सडपातळपणामागील रहस्यही पुण्यातूनच उलगडले. डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांचे एकत्र छायाचित्र २००४ साली लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात छापले गेले. दोघांचा उंची-वजनाचा निर्देशांक अगदी सारखा, २२.३. परंतु शरीरातील चरबी युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिक यांची २१.२ टक्के निघाली. ही वाटचाल जन्माआधीपासून सुरू होते, हे पुण्याजवळच्या सहा गावांत १९९३ पासून चाललेल्या अभ्यासाने दाखवले. तेथील नवजात बालकांचे सरासरी वजन २.७ किलो होते, तर इंग्लंडमधील साउथॅम्प्टनच्या बालकांचे ३.५ किलो. वजन इतके कमी असूनही पुण्याच्या बालकांच्या शरीरात चरबी मात्र तुलनेने राखलेली होती. कमी पडले होते ते स्नायू आणि इतर अवयव.

पोटाभोवतीची ही चरबी निव्वळ साठा नसते. १९९३ साली अमेरिकेत गोखान होतामिस्लिगिल आणि ब्रूस स्पीगलमन यांच्या गटाने लठ्ठ उंदरांच्या चरबीतून टीएनएफ-अल्फा हा दाह वाढवणारा निरोप बाहेर पडतो आणि तो इन्सुलिनच्या कामात अडथळा आणतो, हे दाखवले. म्हणजे दुसऱ्या प्रकारच्या मधुमेहातही राखणदारांचे निरोप गुंतलेले आहेत. मात्र येथे वारशाचा भार प्रतिकारसंस्थेच्या जनुकांवर फारसा पडत नाही. २००६ साली आइसलंडमधील संशोधकांनी शोधलेले आणि पुढे पुण्यातील रुग्णांतही पडताळले गेलेले टीसीएफ-७-एल-२ हे जनुक मुख्यतः बीटा पेशींच्या कार्यक्षमतेशी निगडित आहे. दाहाचा निरोप वाढतो तो बहुतांशी वाढलेल्या चरबीमुळे. आणि म्हणूनच चालण्याने, व्यायामाने आणि मोजक्या आहाराने तो ओसरू शकतो. चेन्नईचे डॉ. ए. रामचंद्रन आणि सहकारी यांनी मधुमेहाच्या उंबरठ्यावरील भारतीयांवर केलेला अभ्यास २००६ साली प्रसिद्ध झाला. काहीच न बदललेल्या गटात तीन वर्षांत ५५ टक्के लोकांना मधुमेह झाला, तर आहार आणि व्यायाम सांभाळणाऱ्या गटात ३९.३ टक्क्यांना. आनुवंशिकतेचा भार दोन्ही गटांवर सारखाच होता.

घराने काय करावे

ज्या घरात दुसऱ्या प्रकारचा मधुमेह आहे, तेथे जनुकांची महागडी चाचणी करून घेण्याची गरज नाही. घरातील रुग्णांची यादी हीच पहिली चाचणी. अशा घरातील प्रत्येकाने तिशीपासून, आणि वजन अधिक असल्यास त्याहूनही आधी, दरवर्षी रक्ततपासणी करावी. उपाशीपोटी साखर १०० ते १२५ अथवा तीन महिन्यांची सरासरी दाखवणारे एचबीए१सी ५.७ ते ६.४ असेल, तर तो उंबरठा समजावा. १२६ अथवा ६.५ आणि त्यापुढे आकडा गेल्यास पुन्हा तपासून निदान पक्के करावे. कमरेचा घेर पुरुषांत ९० आणि स्त्रियांत ८० सेंटिमीटरपुढे जाऊ नये. दिवसभर गादीवर किंवा गल्ल्यामागे बसून काम करणाऱ्या व्यापाऱ्याला शेवटची सूचना विशेष लागू आहे. दुकानात येणाऱ्या प्रत्येकाबरोबर घेतलेला अर्धा कप गोड चहाही संध्याकाळपर्यंत मोठा हिशेब होतो.

पहिल्या प्रकारात लक्ष ठेवावयाचे ते लक्षणांवर. मूल वारंवार पाणी मागू लागले, पुनःपुन्हा लघवीला जाऊ लागले, अंथरूण ओले न करणारे मूल पुन्हा करू लागले, खाऊनही वाळू लागले, तर त्याच दिवशी बोटातील रक्ताची साखर तपासावी. उलट्या, पोटदुखी आणि जोरजोराचा श्वास सुरू झाल्यास ती तातडीची अवस्था असते. अपचन समजून घरगुती उपायांत वेळ दवडल्यास प्राणावर बेतू शकते. घरातील एका मुलाला हा आजार असेल, तर भावंडांच्या रक्तातील प्रतिपिंडांची तपासणी करावी का, याचा विचार तज्ज्ञ डॉक्टरांशी बोलून करता येतो. अशी तपासणी निरर्थक राहिलेली नाही. टी पेशींचा हल्ला सौम्य करणारे टेप्लिझुमॅब हे औषध, आजाराच्या पूर्वावस्थेत असलेल्या नातलगांना दिल्यावर आजार सुमारे दोन वर्षे पुढे ढकलला गेला, असे २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दिसले. नोव्हेंबर २०२२ मध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनाने त्याला मान्यता दिली. राखणदारांचे निरोप समजल्यामुळेच हे शक्य झाले.

तप, पच्चक्खाण आणि इन्सुलिन

जैन घरांत दोन प्रश्न हमखास निघतात. पहिला इन्सुलिनच्या उगमाचा. १९२१ साली टोरांटोत फ्रेडरिक बँटिंग आणि चार्ल्स बेस्ट यांनी इन्सुलिन वेगळे केले आणि जानेवारी १९२२ मध्ये ते प्रथमच एका चौदा वर्षांच्या मुलाला देण्यात आले, तेव्हापासून कित्येक दशके ते गायी आणि डुकरे यांच्या स्वादुपिंडातून काढले जाई. त्या काळातील संकोच समजण्यासारखा होता. परंतु १९८२ पासून जनुकतंत्राने तयार केलेले मानवी इन्सुलिन वापरात आले. आज सर्रास दिले जाणारे इन्सुलिन जिवाणू किंवा यीस्ट यांच्या साहाय्याने तयार होते. त्यासाठी कोणत्याही पशूचा अवयव लागत नाही. शंका असल्यास डॉक्टरांना किंवा औषधविक्रेत्याला विचारून घ्यावे. पण शंकेपोटी सुई लांबवू नये.

दुसरा प्रश्न उपवासाचा. पर्युषणात किंवा दशलक्षण पर्वात घरातील सर्वजण तप करीत असताना आपण मागे राहू नये, असे मधुमेही तरुणालाही वाटते. पहिल्या प्रकारच्या रुग्णाने अन्न घेतले नाही तरी शरीराला काही प्रमाणात इन्सुलिन लागतेच. उपवास आहे म्हणून इन्सुलिन पूर्ण बंद केले तर रक्तात आम्ल साचून जीव धोक्यात येतो. आणि नेहमीएवढेच घेतले तर साखर एकदम खाली जाऊन शुद्ध हरपू शकते. दुसऱ्या प्रकारच्या काही गोळ्यांनीही उपवासात साखर घसरते, तर लघवीवाटे साखर बाहेर टाकणाऱ्या गोळ्यांनी आम्ल साचण्याचा धोका वाढतो. म्हणून एकासन, बियासन किंवा आयंबिल करण्याचा विचार असला, तरी आधी डॉक्टरांकडून मात्रा ठरवून घ्यावी. निर्जळ उपवास आणि अठ्ठाई इन्सुलिन घेणाऱ्याने टाळावी.

शास्त्राचाही येथे अडसर नाही. सोळाकारण भावनांत शक्तितस्तप म्हणजे शक्तीनुसार तप ही भावना आहेच. पच्चक्खाणातही समाधी टिकावी यासाठी औषधादी कारणांचे आगार ठेवलेले असतात. चौविहार करणाऱ्या मधुमेह्याची साखर रात्री खाली गेली तर साखरपाणी घ्यावेच लागते. तेवढी सवलत पच्चक्खाण घेतानाच महाराजसाहेबांना किंवा साध्वीजींना सांगून ठेवावी. स्वाध्याय, सामायिक, मौन आणि कषायांचा त्याग ही आभ्यंतर साधना तर मधुमेह्याला पूर्णपणे खुली आहे.

सोयरिकीच्या बैठकीत

या आजाराचा सर्वांत मोठा घाव शरीरापेक्षा अन्यत्र बसतो. पहिल्या प्रकारचा मधुमेह असलेल्या मुलीचे स्थळ जुळणार नाही या भीतीने आजार लपवला जातो. लग्नानंतर सासरी सुई कशी घ्यायची या विवंचनेत ती मुलगी मात्रा चुकवते, आणि अशा चुकलेल्या मात्रांची किंमत पुढे डोळे आणि मूत्रपिंडे मोजतात. ज्या भीतीपोटी हे सारे घडते तिला आकड्यांचा आधार किती आहे, हे वर आलेच आहे. अशा आईच्या शंभर अपत्यांपैकी सुमारे सत्त्याण्णवांना तो आजार होत नाही. साखर आटोक्यात ठेवून आणि आधीपासून डॉक्टरांच्या देखरेखीखाली राहून ती निरोगी बाळाला जन्म देऊ शकते. याउलट, दोन्ही कुळांत दुसऱ्या प्रकारचा मधुमेह असलेली स्थळे कोणीही शंका न घेता पसंत करतो, आणि तेथे पुढील पिढीचा धोका कितीतरी अधिक असतो. व्यवहारकुशल समाजाने हा हिशेब एकदा मांडून पाहावा.

आजार उघडपणे सांगणाऱ्या घराचा मान समाजाने राखला, तर लपवण्याची गरज उरणार नाही. चार दानांत औषधदानाचे स्थान आहे. पर्युषणाच्या बोलीतील किंवा वार्षिक देणगीतील एक छोटा भाग गरजू मुलांच्या इन्सुलिनसाठी आणि साखर मोजण्याच्या पट्ट्यांसाठी ठेवणे प्रत्येक संघाला शक्य आहे. पट्टीवाचून मात्रा ठरत नाही आणि इन्सुलिनवाचून दिवस जात नाही. या दोन गोष्टींचा महिन्याचा खर्च अनेक कुटुंबांना झेपत नाही. स्थानकात किंवा मंदिराच्या सभागृहात वर्षातून एकदा तिशीपुढील सर्वांची साखर तपासली, तर उंबरठ्यावरचे कित्येक जण उंबरठ्याबाहेरच थांबवता येतील.